तंबाखू, चुना आणि सतरा वर्षांचा मेंदू

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. हर्णै बंदराजवळ घर. यजमान ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, पंचवीस वर्षं तंबाखू खातात. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. दहावीच्या सुट्टीत काकांच्या बोटीवर जायला लागला, तिथे तंबाखू-चुना सुरू झाला, आता रोज पाच-सहा वेळा होतो. तुम्हाला कुणीतरी व्हिडिओ पाठवला की निकोटिनने मेंदूच्या पेशी जळतात आणि परत कधीच येत नाहीत. मुलाने उलटा व्हिडिओ दाखवला की निकोटिन मेंदूला चांगलं असतं, आणि त्याचं म्हणणं की तंबाखू खाल्ल्याशिवाय अभ्यासात डोकं चालत नाही. यजमान म्हणतात, "मला काय झालं पंचवीस वर्षांत?" तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: मेंदूचं नुकसान झालंय का, एमआरआय काढावा का, आणि आता सोडवायला गेलो तर फेब्रुवारीतली परीक्षा बुडेल का. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की मोठी लेक पाचव्या महिन्यात आहे, सध्या माहेरी आली आहे आणि सकाळी तुमच्याबरोबर मशेरी लावते.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं व्यसनाचे रुग्ण बघते आणि त्यात बंदरांवरची माणसं खूप असतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या घरात एकाच पदार्थाचे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत: वाढ पूर्ण झालेला मेंदू, वाढीच्या शेवटच्या टप्प्यात असलेला मेंदू आणि अजून तयार होत असलेला मेंदू. "पेशी किती मेल्या" हे विचारून यातल्या एकाचंही उत्तर मिळणार नाही. विचारायचं ते असं की निकोटिन कुठल्या वयात त्या मेंदूपर्यंत पोचतंय.

आधी निकोटिन आत जाऊन करतं काय ते बघू. आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं. लक्ष लावणं, जागं राहणं, नवीन काही शिकणं या कामांत मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला ते वापरतात. ते पेशीवर ज्या ठिकाणी जाऊन बसतं त्याला रिसेप्टर म्हणतात. निकोटिनची घडण अशी आहे की तेही त्यातल्या काही रिसेप्टरवर बसू शकतं. ॲसिटिलकोलिन आपलं काम झालं की क्षणात मोडलं जातं. निकोटिन मात्र रेंगाळतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण दोन तास लागतात. इतका वेळ सतत डिवचले गेलेले रिसेप्टर बधिर होतात आणि मेंदू भरपाई म्हणून रिसेप्टरची संख्या वाढवतो. नियमित सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत हे रिसेप्टर जास्त असतात, हे मृत्यूनंतरच्या तपासण्यांत दिसलंय आणि जिवंत माणसांच्या पेट स्कॅनवरही (मेंदूचं काम दाखवणाऱ्या तपासणीत) दिसलंय. त्याच वेळी डोपामिन या, हवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाची यंत्रणा उत्तेजित होते, म्हणून बरं वाटतं आणि पुन्हा हवंसं वाटतं.

"आमच्याकडे कुणी ओढत नाही, फक्त खातात," असं मला पुष्कळ घरांत अभिमानाने सांगितलं जातं. धूर नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही आणि फुप्फुसं वाचतात, इथपर्यंत ठीक. पण मेंदूपुरतं बघितलं तर फारसा फरक राहत नाही. मुलगा तंबाखू मळतो तेव्हा त्याच्या हाताकडे नीट बघा. चिमूटभर तंबाखू तळव्यावर, डबीतला नखभर चुना, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि बार ओठाखाली. त्यात चुना चवीसाठी नसतो. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन अशा रूपात येतं की ते तोंडाच्या पातळ त्वचेतून सहज रक्तात उतरतं. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, बारचं हळूहळू चढतं, पण तितकंच हळूहळू उतरतंही. दिवसभराचा हिशेब केला तर नियमित तंबाखू खाणाऱ्याच्या शरीरात जाणारं निकोटिन सिगारेट ओढणाऱ्याच्या तोडीचं असतं.

आता पेशी मरतात का ते. व्हिडिओतलं वाक्य भडक आहे, पण साफ खोटं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत गेलॉर्ड एलिसन यांच्या गटाने उंदरांना सतत आणि मोठ्या मात्रेत निकोटिन दिलं, तेव्हा मेंदूतल्या एका ठरावीक जुडीतले मज्जातंतू झिजलेले आढळले. फॅसिक्युलस रेट्रोफ्लेक्सस असं तिचं नाव. हवंहवंसं वाटण्याच्या यंत्रणेला लगाम घालणाऱ्या भागातून हे तंतू निघतात, म्हणजे दुखापत नेमकी लगामाला होते. फ्रान्समध्ये बोर्डो इथल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं की निकोटिन घेणाऱ्या उंदरांत हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी संबंधित भागात नव्या पेशी तयार होण्याचं प्रमाण घटतं. आणि ड्यूक विद्यापीठातल्या थिओडोर स्लॉटकिन यांचं काम मला तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं वाटतं. नेहमी सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं तेवढंच निकोटिन वयात येणाऱ्या उंदरांना दिलं, तरी त्यांच्या मेंदूत पेशींना इजा झाल्याच्या खुणा सापडल्या आणि निकोटिन बंद केल्यावरही काही बदल टिकून राहिले.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. एलिसन यांची मात्रा तुमच्या मुलाच्या पाच-सहा बारांपेक्षा कितीतरी मोठी आणि अखंड होती. त्यामुळे "त्याच्या मेंदूतल्या अमुक पेशी गेल्या" असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणसांच्या बाबतीत अडचण अशी की लहान वयात तंबाखूला लागलेल्या मुलांमध्ये उतावळेपणा आणि लक्ष विचलित होणं जास्त आढळतं, पण त्यातला काही भाग आधीचाही असतो: मुळात चंचल किंवा चिंताग्रस्त मूल तंबाखूकडे लवकर ओढलं जातं. दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं.

म्हणूनच वयाचा मुद्दा मी इतका लावून धरतेय. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो "आत्ता नको, नंतर" म्हणायला शिकतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. कुठले जोड पक्के करायचे आणि कुठले छाटायचे हे या वयात ठरतं, आणि त्या कामात ॲसिटिलकोलिनच्याच रिसेप्टरचा हात असतो. यजमानांना त्यांच्या भाषेत सांगा: पाण्यात उतरून वर्षं झालेल्या बोटीला मार लागणं वेगळं आणि फळ्या बसवत असताना मार लागणं वेगळं. त्यांनी पंचविशीच्या पुढे सुरू केलं असेल तर त्यांचा मेंदू तोवर बांधून झालेला होता. मुलाने सुरू केलं पंधरा-सोळाव्या वर्षी. तेव्हा "मला काय झालं?" हा दाखला मुलाला लागू होत नाही. आणि यजमानांना खरंच काही झालं नाही का, हेही तपासून बघायला हवं. त्यांनी तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत घालून बघावीत. जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जायचं.

आता "तंबाखूशिवाय डोकं चालत नाही" याकडे येते. तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याला खरोखर तसंच वाटतं. रात्री दहाला शेवटचा बार, सकाळी सहाला उठला. आठ तासांत रक्तातलं निकोटिन जवळजवळ संपलं, पण वाढलेले रिसेप्टर तसेच ताटकळत बसलेत. चिडचिड, जांभया, पुस्तकाच्या एकाच ओळीवर चार वेळा नजर फिरवणं, हे सगळं त्याचं. मग बार भरला की दहा-पंधरा मिनिटांत धडा समजायला लागतो. त्याने जे अनुभवलं ती बुद्धी वाढल्याची खूण नव्हती. कालच्या तंबाखूने पाडलेला खड्डा आजच्या तंबाखूने भरला, एवढंच. ज्याला सवयच नाही तो त्याचा वर्गमित्र त्या पातळीवर फुकट उभा असतो. हे मुलाला नीट समजावून सांगा. मी बघितलंय, या वयाची मुलं कॅन्सरच्या चित्रांनी हलत नाहीत, पण "तू रोज सकाळी दोन तास मागे पडतोस" हे त्यांना पटतं.

"निकोटिन मेंदूला चांगलं" हा त्याचा व्हिडिओ कुठून आला असेल त्याचाही अंदाज आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो, हे जुनं आणि अनेकदा तपासलेलं निरीक्षण आहे. त्यावरून आशा धरून पार्किन्सनच्या सुरुवातीच्या रुग्णांना निकोटिनचे पॅच देऊन चाचणी घेतली गेली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: आजाराचा वेग कमी झाला नाही. आणि समजा म्हाताऱ्या माणसाच्या एखाद्या आजारात उद्या काही उपयोग निघालाच, तरी बारावीतल्या निरोगी मुलाने तंबाखू खायचं ते कारण होऊ शकत नाही.

एमआरआय काढू नका. ज्या बदलांबद्दल मी बोलतेय ते साध्या एमआरआयवर दिसत नाहीत. रिपोर्ट "नॉर्मल" येईल आणि तो कागद दाखवून मुलगा आणखी दोन वर्षं खाईल, हे माझ्यासमोर घडलेलं आहे. फिट आली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, शुद्ध हरपली तर गोष्ट वेगळी. तेव्हा वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. स्मरणशक्तीच्या सिरपवरही पैसे घालू नका.

परीक्षेचं मात्र मनापासून सांगते, कारण इथे बहुतेक घरं उलटा निर्णय घेतात. "परीक्षा होऊ दे, मग सोडव," असं ठरतं, मग मे महिन्यात बोटीवर जाणं येतं, आणि वर्ष निघून जातं. तुम्ही दिवाळीनंतर लिहिताय, म्हणजे हातात जवळजवळ तीन महिने आहेत. सोडल्यावरचा त्रास पहिल्याच दिवशी सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. सिगारेट सोडलेल्या माणसांच्या स्कॅनमध्ये वाढलेले रिसेप्टर सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आलेले दिसले आहेत. आज सोडलं तर फेब्रुवारीत तो तलफेविना पेपरला बसेल. तीन तासांच्या पेपरात दीड तासाने तलफ येणं हे काय असतं ते त्यालाच विचारा.

कसं सोडायचं ते परिस्थितीवर अवलंबून आहे. निव्वळ तंबाखू-चुना असेल तर एक. गुटखा असेल तर सुपारीचंही व्यसन असतं आणि तोंड आखडण्याचा धोका जास्त. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी बंदरावर पुडी मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको. बरोबर दारू किंवा गांजा असेल, किंवा मुलगा आधीपासूनच उदास, घाबरट, झोप न येणारा असेल तर आधी भेटून तपासणी हवी. यातलं काही नसेल तर माझी पद्धत साधी आहे. मुलाबरोबर बसून एक तारीख ठरवा, आठवड्याच्या आतली. पहिले चार आठवडे बोट पूर्ण बंद. हा मुद्दा सोडू नका. रात्रीची मासेमारी, जाळं ओढेपर्यंत जागं राहायचं, शेजारचा खलाशी मळून आयता हात पुढे करतो. अशा जागी पहिल्या महिन्यात मोठा माणूससुद्धा टिकत नाही. काकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुलाला नाही म्हणावं लागणार नाही.

तलफेची लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरतं तोंडात बडीशेप, लवंग, आवळ्याची फोड चालेल. सुगंधी सुपारी आणि पानमसाला चालणार नाही. पहिल्या आठवड्यात अभ्यास अर्ध्या-अर्ध्या तासाचा ठेवा, अवघड विषय दुपारी घ्या, आणि लक्ष लागलं नाही म्हणून "बघ, तुझं डोकं गेलं" असं चुकूनही म्हणू नका. ते निकोटिन उतरतानाचं लक्षण आहे, मेंदू गेल्याचं नाही. मधे एखादा बार झाला तर आरडाओरडा न करता दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगगमचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मोठ्यांमध्ये ते उपयोगी आहेत, यजमानांसाठी मी आधी त्याचाच विचार करेन. तोंडात झिणझिण्या येईपर्यंत चावून मग गालाशी दाबून ठेवायचं असतं. नुसतं चघळून गिळलं तर मळमळतं आणि "उपयोग नाही" म्हणून लोक सोडून देतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला मात्र डॉक्टरच्या देखरेखीशिवाय देऊ नका. रोजच्या पाच-सहा बारांवर समुपदेशन पुरतं असा माझा अनुभव आहे. फोनवर बोलायचं असेल तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत सेवा 1800-11-2356 वर आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

यजमानांनी जून-जुलैचा मासेमारी बंदीचा काळ धरावा. बोट किनाऱ्याला, रात्रीचं जागरण नाही, माणूस घरी. बंदरावरच्या माणसांना सोडायला यापेक्षा चांगला काळ मला दिसलेला नाही. पण तोवर निदान त्यांची पुडी आणि चुन्याची डबी खुंटीवरच्या शर्टात, मुलाच्या हाताशी नको.

आता लेकीबद्दल. तुम्ही हे जाता जाता लिहिलंत, पण मला तुमच्या सगळ्या पत्रात हीच गोष्ट सगळ्यात तातडीची वाटते. मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखू. भाजल्याने निकोटिन सगळं जळून जात नाही. दातांच्या मुळाशी बोटाने पाच-दहा मिनिटं घासल्यावर ते हिरड्यांतून रक्तात जातं, आणि म्हणून तर सकाळी लावल्याशिवाय "पोट साफ होत नाही, डोकं दुखतं". निकोटिन वारेतून सरळ बाळाकडे जातं आणि बाळाकडची पातळी आईइतकी किंवा त्याहून जास्त होते. मघाशी सांगितलेले रिसेप्टर बाळाच्या मेंदूत पहिल्या तिमाहीतच तयार झालेले असतात. पेशींनी कधी वाढायचं थांबायचं आणि कुठे जाऊन स्थिरावायचं, हे निरोप त्यांच्यातून जातात. तिथे बाहेरचं निकोटिन पोचलं की निरोप चुकीच्या वेळी जातो. गाभण उंदरांवरच्या प्रयोगांत पिलांच्या मेंदूत पेशींची संख्या कमी भरली ती यामुळे.

आणि इथे फक्त उंदरांवर थांबावं लागत नाही. मुंबईत 1,217 गरोदर बायकांची नोंद ठेवून केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त होतं. स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवण्याची पद्धत आहे, धूर नाही. तिथल्या अशा आयांच्या नवजात बाळांत श्वास मधेच थांबण्याचे प्रकार जास्त आढळले. श्वासाची लय सांभाळणारं केंद्र मेंदूच्या बुंध्यात असतं.

यातून लेकीला घाबरवू नका, "बाळाचं वाटोळं केलंस" असं तर अजिबात नको. पाचवा महिना म्हणजे उशीर झालेला नाही. मेंदूची मोठी वाढ अजून पुढे आहे आणि जे दिवस मशेरीविना जातील ते सगळे बाळाच्या खात्यात जमा होतात. तिने उद्यापासून बंद करावी. हळूहळू कमी करत बसायची गरज नाही. तिला दोन-चार दिवस डोकं दुखेल, बद्धकोष्ठ होईल, त्यावर भरपूर पाणी, फळं, भाज्या, आणि लागलं तर डॉक्टरांकडून गरोदरपणात चालणारं औषध. निकोटिनचा गम किंवा तंबाखू सोडवायच्या गोळ्या तिने स्वतःहून घ्यायच्या नाहीत. बाळंतपणानंतरही बंदच ठेवायची, कारण दुधातूनही निकोटिन जातं.

आणि ताई, तिची मशेरी तुमच्या मशेरीपासून वेगळी करता येणार नाही. डबा मोरीच्या कोनाड्यात असेल, तुम्ही सकाळी शेजारी बसून लावत असाल, तर ती लावणारच. निदान ती माहेरी आहे तोवर तुम्हीही बंद ठेवा आणि घरात तवा तापवून तंबाखू भाजू नका. तपासणीला तुम्ही तिच्याबरोबर आत जा आणि मशेरीचं तुम्ही स्वतः डॉक्टरांना किंवा सिस्टरला सांगा. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्या बायका "नाही" म्हणतात, कारण मशेरीला कुणी तंबाखू समजतच नाही, आणि सासरचं माणूस बरोबर असेल तर ती गप्पच बसेल. डॉक्टरांना माहीत असलं की ते बाळाच्या वाढीची सोनोग्राफी त्या नजरेने बघतील आणि वजन मागे पडत असेल तर वेळेत कळेल.